एबीसी गारमेंट्सचं पाळणाघर

"सर, चिठ्ठी बदलून मिळेल का?"

डोईफोडे सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "का? काय निघालं तुमचं?"

"व्यवस्थापन."

"मग उत्तमच की. बी.बी.ए. करताय, व्यवस्थापन नाही तर काय निघणार?"

वर्ग हसला. माझ्या पुढच्या बाकावरून तन्वीर बागवाननं आपली चिठ्ठी झेंड्यासारखी हलवली. "सर, माझी युनियन निघाली! मुळीक मॅडम, तयारीला लागा. उद्या गेटवर घोषणा!"

ह्यूमन रिसोर्सच्या पेपरला सरांची ही एक परीक्षाच असायची. कारखाना काल्पनिक, नाव दरवर्षी तेच, एबीसी गारमेंट्स. एक जण कामगारांचा पुढारी व्हायचा, एक जण कंपनीचा एच.आर. मॅनेजर, आणि सगळ्या वर्गासमोर टेबलाच्या दोन बाजूंना बसून वाटाघाटी करायच्या. आमच्या वाट्याला आलेली मागणी फळ्यावर लिहिलेली होती. शिलाई खात्यातल्या बायकांना पोरं ठेवायला कारखान्यात पाळणाघर पाहिजे. कामगार इतके थोडे की कायद्यानं कंपनी बांधील नाही. मालकानं मॅनेजरला सांगून ठेवलंय, पाळणाघर द्यायचं नाही.

"म्हणजे मी नाही म्हणायचं?" मी विचारलं.

"मालक नाही म्हणतोय. तुम्ही नोकर आहात," सर म्हणाले. "आणि नोकरीत चिठ्ठी बदलून मिळत नसते. जिंका किंवा हरा, मला त्याचं काही नाही. पण तोंड बंद पडलं की शून्य."

लग्न झाल्यापासून सर मला अहो-जाहो करायला लागले होते. बाकी पोरींना अगं-तुगं आणि मला 'तुम्ही'. त्या मानामुळं मला वर्गात पाहुण्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं आणि ते वर्ष संपता संपता रेवा झाली. त्यामुळं पाचवं सेमिस्टर सुरू झालं तेव्हा मी घरात होते. वर्गात परत आले तोवर नोटीस बोर्डावरच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव लागलेलं होतं. विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "हजेरीचं मी प्राचार्यांशी बोलेन. पण एकाही विषयाच्या इंटर्नलला शून्य आलं, तर टर्म ग्रँट होणार नाही. परीक्षेचा फॉर्मच घेतला जाणार नाही."

घरी तसं कुणी वाईट नव्हतं. माझा नवरा अभय तर मायेनंच म्हणायचा, "गेलं वर्ष तर गेलं. पोरगी मोठी झाली की बघू." पण हे 'बघू' मला माहीत होतं. माझ्या मोठ्या बहिणीचं एम.कॉम. असंच 'बघू'वर ठेवलेलं होतं आणि तिचा मुलगा आता आठवीत गेला होता. म्हणून मी ठरवलं होतं, एकदा थांबले की थांबले. थांबायचंच नाही.

हे न थांबणं आईंच्या जिवावर चाललेलं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, शैलजा मुळीक. रेवा बाटलीला तोंड लावत नव्हती. दुधाचा वाटी-चमचा समोर आला की मान फिरवायची. मग रोज दुपारच्या आत आई तिला घेऊन रिक्षानं कॉलेजात यायच्या. लेडीज रूमच्या बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, त्यावर बसायच्या. तास संपला की मी पळत जाऊन रेवाला पाजायची आणि पळत वर्गात यायची. येणारी-जाणारी पोरं आईंना 'नमस्कार आजी' करायची. चोपन्न वर्षांच्या बाईला आजी म्हटलेलं त्यांना आवडत नसावं, पण त्या हसायच्या.

त्यांच्या पिशवीत दुपटी, टोपडं, पाण्याची बाटली असायची आणि कॅरमचा एक जुना स्ट्रायकर. पिवळट, कडेला एक टवका उडालेला. रेवाला दुसरं कुठलंही खेळणं चालायचं नाही. तो मुठीत धरून चोखत बसायची. पहिल्यांदा तो तिच्या हातात बघितला तेव्हा मी काढूनच घेतला. तिच्या तोंडाशी धरून बघितला, गिळण्याइतका लहान नव्हता. घरी नेऊन गरम पाण्यात उकळला. त्यानंतर रोज उकळायची. अभयचा लहानपणचा असणार, एवढंच माझ्या मनात आलं.

आमच्या वाटाघाटींच्या दिवशी आमच्या आधीचा गट लांबला. बोनसवरून दोन पोरं अशी भांडली की सरांनाच मजा यायला लागली. माझं लक्ष घड्याळाकडं. रेवाची वेळ होत आली होती. आमचा नंबर लागला तेव्हा ती होऊन गेली होती.

तन्वीरनं कपाळाला लाल रुमाल बांधला होता. टेबलावर मूठ आपटून त्यानं सुरुवात केली.

"मॅडम, एक सवाल. तुमच्या एसी केबिनमधून शिलाई खातं दिसतं का?"

"दिसतं. ऐकू पण येतं. मुद्द्यावर या."

"मुद्दा हाच! मशीनवर बसलेल्या बाईचं अर्धं चित्त घरी. पोर रडत असेल का, जेवलं असेल का. टाका वाकडा जातो, माल परत येतो. नुकसान कुणाचं? कंपनीचं. आम्ही तुमचाच फायदा सांगतोय."

पोरांनी बाकं वाजवली. मी तयारी करून आले होते. रात्री रेवाला मांडीवर घेऊन मी पाळणाघराच्या विरोधात बोलायचं पाठ केलं होतं, आणि खरं सांगायचं तर फार शोधावं लागलंच नव्हतं.

"पोर शेजारच्या खोलीत असलं की चित्त जागेवर राहतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं. "उलट होतं. घरातलं रडणं ऐकू येत नाही. भिंतीपलीकडचं ऐकू येतं. एक पोर रडलं की दहा मशिनी थांबतात, कारण प्रत्येकीला वाटतं, माझंच."

आणि तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला.

रेवाची तीन रडणी मला पाठ होती. झोपेचं किरकिर असायचं, ओल्या दुपट्याचं चिडकं असायचं, आणि भुकेचं हे असं, आत ओढून घेतलेलं. माझ्या कुडत्याला ओल आली. मी फाईल उचलून छातीशी धरली आणि तशीच बसून राहिले.

तन्वीरनं कान टवकारले. "मॅडम, तुमची एक मशीन थांबली वाटतं?"

हशा झाला. सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"कंपनीची चालू आहे," मी म्हणाले. "मी पुढचा मुद्दा मांडते. आपल्याकडं घरोघरी आजी असते. मूल तिच्याजवळ वाढतं, अंगाखांद्यावर खेळतं. जे काम घरात मायेनं होतंय आणि फुकट होतंय, त्यावर कंपनीनं पैसा का घालावा?"

मुद्दा बसला. युनियनच्या बाजूला बसलेली दोन पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पण तन्वीर तन्वीर होता.

"आजीला विचारलंत का?"

"म्हणजे?"

"आजी फुकट करते म्हणालात. तिला विचारलंत का? सर, युनियनला बाहेरचा तज्ज्ञ बोलवता येतो ना? युनियन आजीला बोलावतेय!"

मी सरांकडं बघून मान हलवत होते, नको, नको. सर म्हणाले, "येतो बोलवता. तज्ज्ञांची इच्छा असेल तर."

तन्वीर दारात जाऊन कमरेत वाकला. "आजी, जरा आत येता का? कामगारांचा प्रश्न आहे."

आई आत आल्या. कडेवर रेवा, लालबुंद झालेली. खांद्यावरची पिशवी घसरत होती. इतकी पोरं बघून त्या दाराशीच थांबल्या, पण बावचळल्या नाहीत. फळ्यावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं, मग टेबल बघितलं, मग मला. माझा फुकटचा मुद्दा व्हरांड्यात ऐकू गेला होता हे मला त्यांच्या बघण्यावरून कळलं. व्हरांडा कितीसा लांब?

"आजी, खरं सांगा," तन्वीरनं आवाज मऊ केला. "दिवसभर नात सांभाळता. दमता ना? इथं रिक्षानं यायचं, बाकड्यावर बसायचं. पाळणाघर असतं तर तुमचाही जीव मोकळा झाला असता ना?"

आईंनी रेवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दमायला काय झालंय?" त्या म्हणाल्या. "नात कुणाची, माझीच ना? पाळणाघर आणि कशाला? मी आहे की. मला दुसरं काम तरी काय आहे?"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. तन्वीरनं कपाळावरचा रुमाल सोडून त्यानंच तोंड पुसलं. "सर, आमची आजी फितूर झाली! मालकानं आधीच गाठलीय!"

टाळ्या माझ्यासाठी होत्या. पण मी आईंकडं बघत होते. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी स्ट्रायकर रेवाच्या मुठीतून काढून घेतला होता आणि पदराला पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसतच होत्या.

रेवानं पुन्हा तोंड पसरलं. मी उठले.

"सर, व्यवस्थापन दहा मिनिटांची सुट्टी मागतंय. वाटाघाटीत मागता येते. तुम्हीच शिकवलंय."

सरांचं पेन थांबलं. "कशासाठी?"

"आपसात सल्लामसलत करायला."

"घ्या सुट्टी," सर म्हणाले. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

लेडीज रूममध्ये रेवाला पाजत बसले. आई दाराला पाठ लावून उभ्या होत्या, कुणी येऊ नये म्हणून. पंखा नव्हता. रेवाच्या कपाळावरचा घाम मी ओढणीनं टिपत होते.

"आई, ते बोलणं माझं नव्हतं हं," मी म्हटलं. "चिठ्ठीत निघालेलं होतं."

"कळलं मला. फळ्यावर लिहिलंय की."

"तुम्ही खरंच दमत नाही?"

"आधी ते संपव. मार्क आहेत ना त्याला? जा, जिंकून ये. मग घरी बोलू."

"घरी काय बोलायचंय?"

"घरी बोलू म्हटलं ना केतकी."

परत आले ती एक गोष्ट मनाशी धरून. टेबलाशी बसले आणि तन्वीरनं तोंड उघडायच्या आत बोलायला लागले. कंपनी पाळणाघर देणार नाही. पण अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला पाळीत दोन वेळा पाजायला सुट्टी मिळेल, पगार न कापता. मूल घेऊन जी कुणी येईल, तिला बसायला एक खोली मिळेल. खोलीला आतून कडी असेल. पंखा असेल. बाकड्याला पाठ असेल. आणि त्या येणाऱ्या बाईचं रिक्षाभाडं कंपनी देईल, कारण ती कंपनीच्या कामासाठी आलेली आहे.

"आणि तिची सुट्टी?" तन्वीरनं सहज विचारलं.

"कुणाची?"

"आजीची. बायकांना रविवार आहे. आजीला कुठला वार?"

ह्याची तयारी मी केलेली नव्हती. तोंड बंद पडलं की शून्य. "तो मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ," मी म्हणाले आणि हात पुढं केला. तन्वीरनं हातात हात दिला. सरांनी मार्क लिहिले. किती ते नंतर कळलं, पण टर्म ग्रँट होणार एवढं त्यांच्या चेहऱ्यावरच होतं.

रिक्षात आईंनी रेवाचं टोपडं सारखं केलं. रेवा त्यांच्या मांडीवर झोपली होती. घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला, मला कप दिला आणि स्वयंपाकघराच्या छोट्या टेबलाच्या पलीकडं, माझ्या बरोबर समोर, खुर्ची ओढून बसल्या. एरवी त्या ओट्याला टेकून उभ्यानंच चहा प्यायच्या.

"तिथं मी तुझ्या बाजूनं बोलले," त्या म्हणाल्या. "चारचौघांत सुनेला पाडायचं नव्हतं. आता खरं ऐक. मी दमते."

मी कप खाली ठेवला.

"पोरीचं काही नाही. तिच्यासाठी मी रोज येईन, तुझी शेवटची परीक्षा होईपर्यंत येईन. तू मध्येच सोडलंस तर मीच रागवेन. पण मला गुरुवारची दुपार पाहिजे. दोन ते सहा. तेवढ्या वेळात मला हाक मारायची नाही."

"कुठं जायचंय?"

आईंनी पिशवीतून स्ट्रायकर काढला आणि टेबलावर ठेवला. टवका उडालेली बाजू खाली गेली. "हा कुणाचा वाटला तुला?"

"ह्यांचा. लहानपणचा."

"अभयचा?" आई एवढ्या मोठ्यानं हसल्या की आत रेवा चुळबुळली. "त्याला आयुष्यात सोंगटी सरळ मारता आली नाही! माझा आहे तो. कॉलेजात असताना मिळालाय, बक्षीस. नगरवाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी आम्हा बायकांचा कॅरम असतो. इतकी वर्षं एक गुरुवार चुकवला नाही मी. तुझे सासरे गेले तेव्हाचे सोडले तर. रेवा झाल्यापासून गेले नाही. परवा तिथली शकू सांगत होती, माझ्या जागेवर आता बँकेतली एक बाई बसते."

मी त्या घरात दीड वर्ष राहत होते. रेवानं किती वेळा कूस बदलली ते मला सांगता आलं असतं. गुरुवारी दुपारी आई कुठं जातात हे मला माहीत नव्हतं. माझ्या कॉलेजच्या वेळेत त्या जायच्या आणि मी यायच्या आत परत यायच्या.

"आई, गुरुवारी दोनला माझं कॉस्टिंग असतं," मी म्हणाले. "ते चुकवलं तर परत लिस्टमध्ये नाव लागेल."

"तू चुकवायचं नाहीसच."

"मग कसं करायचं?"

"ते मला काय विचारतेस?" आईंनी कपातला शेवटचा घोट घेतला. "मी युनियन. तू व्यवस्थापन."

मी विचार करत राहिले. चहावर साय धरली. आणि मग मला आठवलं, गुरुवारी बाजारपेठेत अभयचं मोबाईलचं दुकान बंद असतं. त्या दिवशी तो जेवून आडवा होतो आणि चहाला उठतो.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. अभय भाकरी मोडता मोडता थांबला.

"मी? चार तास? ती माझ्याकडं राहील तरी का?"

"राहील," मी म्हटलं. "तुम्ही तिला घ्यायला लागलात की राहील."

"अगं पण ती वाटीनं पीत नाही."

"सात महिन्यांची झालीय. वरणभात खाते, नाचणीचं सत्त्व खाते. दोनला खाऊन झोपते. उठली की चमच्यानं पाणी पाजायचं, ओट्यावर उकळून ठेवलेलं. रडणी तीन प्रकारची आहेत. ती मी तुम्हाला शिकवते."

त्यानं आईंकडं पाहिलं, नेहमीसारखं. तिथून सुटका व्हायची सवय होती त्याला. "आई, तूच सांग हिला. मला बाळाचं काय कळतं?"

"कामगार नवा आहे," आई मला म्हणाल्या. "शिकेल हळूहळू."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी 'बघू' म्हणेन," मी म्हणाले. "तुमच्या जेवणाचं, कपड्यांचं, सगळ्याचंच बघू."

अभय माझ्याकडं बघत राहिला. मी हसत नव्हते. त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला, चावला आणि म्हणाला, "पहिलं रडणं कुठलं ते सांग."

पहिल्या गुरुवारी कॉस्टिंगच्या तासाला मी काय लिहून घेतलं ते देव जाणे. व्हरांड्यातला बाक रिकामा होता आणि मला दर पाच मिनिटांनी रडणं ऐकू येत होतं. फोन बॅगेत, बॅग मांडीवर. लावायचा नाही असं ठरवलं होतं. तास संपला तेव्हा अभयचा एक मेसेज आलेला होता. चिडकं होतं, दुपटं बदललं, झोपली. मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

आता रेवा दुसरीत आहे आणि मी एका कारखान्यात, खऱ्या टेबलाच्या त्याच बाजूला बसते. टेबलापलीकडं कुणी दमत नाही म्हणालं की मी त्याच्या हातांकडं बघते. पण त्या गुरुवारी हे काही डोक्यात नव्हतं. घरी लवकर पोचायचं एवढंच होतं. तरी माझे पाय नगरवाचनालयाच्या रस्त्याला वळले.

जिन्यातच आवाज यायला लागला, सोंगट्यांचा, टकटक. वर बोरिक पावडरचा वास होता. दार अर्धं उघडं होतं. खिडकीजवळच्या बोर्डावर आई बसल्या होत्या, आपल्या जागेवर. बँकेतली बाई समोरच्या खुर्चीवर गेलेली होती. पदर खोचलेला, कोपर वर, आणि बोटाखाली टवका उडालेला स्ट्रायकर. तो मी सकाळीच सवयीनं उकळून दिला होता. राणी कोपऱ्याशी अडकलेली होती.

"शैला, नात कुणाकडं गं आज?" कुणीतरी विचारलं.

आईंनी बोर्डावरची नजर काढली नाही.

"तिच्या बापाकडं," त्या म्हणाल्या. "आणि मध्ये बोलू नको. राणी घेतेय."